पंचाऐंशी आणि पंधरा : सेंट स्टीफन्सच्या मुलाखतीचं प्रकरण

दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसरात हिंदू कॉलेज आणि सेंट स्टीफन्स कॉलेज समोरासमोर उभी आहेत. मध्ये फक्त एक रस्ता. २०२१ च्या ऑक्टोबरात हिंदू कॉलेजच्या बाजूला मोठा पेच पडला होता. राज्यशास्त्र ऑनर्सची पहिली कटऑफ लागली १०० टक्के. खुल्या गटातल्या जागा २०, आणि सर्वोत्तम चार विषयांत पैकीच्या पैकी गुण घेऊन आलेली मुलं शंभरावर. त्यातली जवळजवळ सगळी केरळ बोर्डाची. कटऑफ गाठणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश द्यायचा हा तेव्हाचा विद्यापीठाचा नियम, त्यामुळे कॉलेजला तो द्यावा लागला. मग बाहेर जे सुरू झालं ते फार वाईट होतं. एका बोर्डाच्या मुलांच्या गुणपत्रिकेवर जाहीरपणे, अगदी धार्मिक तेढीच्या भाषेत संशय घेतला गेला. त्या मुलांचा दोष काय? त्यांच्या बोर्डाने त्यांना गुण दिले होते, एवढाच.

रस्त्याच्या पलीकडे स्टीफन्समध्ये रीत वेगळी होती. बारावीच्या गुणांना ८५ टक्के वजन, १० टक्के मुलाखतीला आणि ५ टक्के छोट्या अभियोग्यता चाचणीला. जागांच्या काही पट मुलांना बोलवायचं, समोर बसवायचं, चार प्रश्न विचारायचे आणि मग यादी लावायची.

पुढच्याच वर्षी दोन्ही बाजूंच्या रीती एकदम मोडल्या. मार्च २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलं की ४५ केंद्रीय विद्यापीठांमधले पदवी प्रवेश आता सीयूईटी या एकाच सामाईक परीक्षेवर होतील. बारावीच्या टक्क्यांना पात्रतेपुरती किंमत राहील. स्टीफन्सने त्यावर आपल्या माहितीपुस्तिकेत लिहिलं : सीयूईटीला ८५ टक्के, मुलाखतीला १५ टक्के, सगळ्यांसाठी. स्टीफन्स ही ख्रिश्चन अल्पसंख्याक संस्था. विद्यापीठाने कळवलं की ख्रिश्चन विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या निम्म्या जागांवर तुमचं चालेल, पण बाकीच्या जागांवर सीयूईटी १०० टक्के, मुलाखत शून्य. कॉलेज दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. कायद्याच्या एका विद्यार्थिनीची उलट्या बाजूची जनहित याचिकाही तिथेच होती.

प्रश्न साधा वाटतो. ज्या विषयांच्या जोरावर मुलगा किंवा मुलगी प्रवेश मागते, त्या विषयांच्या एकसारख्या परीक्षेतले गुण निवडीला पुरेसे आहेत का? मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी दिल्लीला अर्ज करणारी वर्षाला एखाददुसरीच असते, पण त्या एखाददुसरीमुळेच हे प्रकरण मी पहिल्यापासून बारकाईने पाहत आले.

आधीची दोन भांडणं

स्टीफन्सचं विद्यापीठाशी याच मुद्द्यावर आधी एकदा वाजलं होतं. जून १९८० मध्ये विद्यापीठाने परिपत्रक काढलं की प्रवेश फक्त पात्रता परीक्षेच्या टक्क्यांवर द्या. कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ६ डिसेंबर १९९१ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने कॉलेजच्या बाजूने कौल दिला. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याक संस्थेला आपली निवडपद्धत ठेवता येईल, मुलाखत त्यात बसते, मात्र स्वतःच्या समाजाच्या जागा ५० टक्क्यांपलीकडे नकोत, असा त्याचा सारांश. त्या काळी देशभरातल्या बोर्डांचे गुण एका मापाने मोजण्याची सोय नव्हती, हे विसरून चालणार नाही. एकाचे ७० आणि दुसऱ्याचे ७० सारखे नसतील, तर समोरासमोर बोलून पाहणं हा निदान एक आधार होता.

दुसरं प्रकरण श्रीनगरचं, आणि मला ते जास्त बोलकं वाटतं. तिथल्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये लेखी परीक्षा १०० गुणांची आणि मुलाखत ५० गुणांची होती. मुलं सुप्रीम कोर्टात गेली आणि सांगितलं की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली, त्यातही विचारलं काय तर वडील कोण, राहता कुठे. नोव्हेंबर १९८० मध्ये अजय हसिया प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या एक तृतीयांश वाटा देणं मनमानी आहे, १५ टक्क्यांवर जाऊ नये. मुलाखती टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित कराव्यात, म्हणजे पुढे तपासता येईल, असंही त्यांनी सुचवलं.

तो १५ चा आकडा तेव्हापासून सुरक्षित मानला जातो. शंभरातले पंधरा, म्हणजे चिमूटभर मीठ, असं ऐकताना वाटतं. तसं ते नाही.

पंधराचा हिशेब

कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब प्रत्येक पालकाने एकदा करून पाहावा.

२०२२ च्या सीयूईटीत विषयाच्या एका पेपरात ५० पैकी ४० प्रश्न सोडवायचे होते, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीला १ वजा. म्हणजे पेपर २०० चा. इतिहासासारख्या ऑनर्सला एक भाषा आणि तीन विषय धरले की ८०० पैकी गुण. आता दोन मुली घेऊ. एकीला ७८०, दुसरीला ७६८. फरक १२ गुणांचा, म्हणजे पहिलीने बरोबर सोडवलेले दोन प्रश्न दुसरीचे चुकले, इतकाच. हे गुण ८५ पैकी करा : पहिलीचे ८२.८७५, दुसरीचे ८१.६. अंतर सव्वा गुणाचं.

आता मुलाखत १५ पैकी. समिती एखाद्याला ८ देते, एखाद्याला १३. यात कुणी काही गैर केलेलं नाही, मुलाखतीत असा फरक सहज पडतो. पण या ५ गुणांची भरपाई सीयूईटीत करायची तर ४७ गुण जास्त हवेत, म्हणजे जवळपास आठ प्रश्न. मुलाखतीतला एक गुण म्हणजे परीक्षेतले जवळपास साडेनऊ गुण! आणि मुलाखतीला बोलावलेली मुलं आधीच चाळून घेतलेली असल्यामुळे परीक्षेच्या गुणांत ती एकमेकांना चिकटूनच असतात. त्यामुळे कागदावर ८५-१५ असलं तरी त्या खोलीत शिरलेल्या मुलांपुरता निर्णय जवळपास सगळा पंधराच करतात.

हा हिशेब मांडल्यावर माझं मत विद्यापीठाकडे झुकलं, हे मी मोकळेपणाने सांगते. ज्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण पाहता येत नाही, जिथले गुण पुन्हा तपासून मागता येत नाहीत, तिच्या हाती एवढी ताकद असू नये. खुद्द स्टीफन्समध्ये २०१९ साली मुलाखत समितीत कॉलेजच्या सर्वोच्च परिषदेचा सदस्य बसवण्यावरून तिथल्याच काही अध्यापकांनी उच्च न्यायालय गाठलं होतं. आतल्या माणसांनाच समितीच्या रचनेची काळजी वाटते, तिथे माझ्या गावच्या मुलीने कशाच्या भरवशावर बसायचं?

१२ सप्टेंबर ते १९ ऑक्टोबर

१२ सप्टेंबर २०२२ ला मुख्य न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा आणि न्यायमूर्ती सुब्रमण्यम प्रसाद यांच्या खंडपीठाने निकाल दिला. बिगर-अल्पसंख्याक जागांवर प्रवेश केवळ सीयूईटीच्या गुणांवर; मुलाखत हवी तर फक्त ख्रिश्चन विद्यार्थ्यांच्या जागांसाठी, आणि कॉलेजने माहितीपुस्तिका मागे घेऊन नवी सूचना काढावी. कलम ३० चा हक्क आपल्या समाजासाठी आहे, बाकीच्या विद्यार्थ्यांच्या निवडीपर्यंत तो ताणता येणार नाही, हा निकालाचा गाभा. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला विद्यापीठाचे नियम या बाबतीत पाळावे लागतील.

कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेलं. विद्यापीठाची पहिली जागावाटप यादी त्या सुनावणीपायी एक दिवस पुढे ढकलली गेली. १९ ऑक्टोबरला न्यायालयाने स्थगिती नाकारली, त्याच संध्याकाळी यादी लागली. देशभरातली लाखो मुलं मोबाईलवर बोट ठेवून बसली होती आणि त्यातल्या बहुतेकांना आपली यादी कशासाठी अडली आहे याची कल्पनाही नव्हती.

वैद्यकीय शिक्षणात हा वाद त्याआधीच संपला होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची स्वतःची लांबलचक निवडपद्धत होती. वैद्यकीय प्रवेशाची नीट ही सामाईक परीक्षा सक्तीची झाल्यावर २०१७ साली त्या कॉलेजने १०० एमबीबीएस जागांपैकी एकच भरली, इतका त्यांचा विरोध टोकाचा होता. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नीट अल्पसंख्याक संस्थांनाही लागू आहे. पण वैद्यकीय प्रवेशात जीवशास्त्र येणं आणि इतिहास ऑनर्समध्ये इतिहास येणं या दोन गोष्टी मला एकसारख्या वाटत नाहीत. तिथे मी अडते.

परीक्षेने नेमकं काय मोजलं

२०२२ ची सीयूईटी ज्यांनी पाहिली त्यांना तिची दैना माहीत आहे. परीक्षा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत लांबली. ४ ऑगस्टला दुपारची पाळी तांत्रिक बिघाडाने सगळीकडे रद्द करावी लागली. वेगवेगळ्या पाळ्यांचे वेगवेगळे पेपर, म्हणून मूळ गुणांचं समानीकरण. सप्टेंबरच्या मध्यावर निकाल लागला तेव्हा एकट्या इंग्रजीच्या पेपरात ८,२३६ मुलांना १०० पर्सेंटाइल होते.

८,२३६! शंभर टक्क्यांच्या कटऑफला कंटाळून ही परीक्षा आणली आणि माथ्यावरची गर्दी तिथेही झालीच. प्रश्न पर्यायांचे, अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकापुरता, पन्नासांतले दहा सोडून द्यायची मुभा. अशा पेपरात ज्याला विषय बरा येतो आणि ज्याला फार छान येतो, ते दोघे एकाच ठिकाणी येऊन थांबतात. शिडीच पाच पायऱ्यांची असली तर सहावी चढू शकणारा कोण, हे कळणार कसं?

मग दोघांचे गुण सारखे झाले की त्या वर्षी विद्यापीठ काय करत होतं? बारावीच्या सर्वोत्तम तीन विषयांचे गुण पाहत होतं, मग चार, मग पाच. तरीही बरोबरी राहिली तर जन्मतारीख, आणि शेवटी नावाची वर्णमाला. म्हणजे ज्या बोर्डाच्या गुणांवर विश्वास उरला नव्हता, ते सर्वात अटीतटीच्या जागी पुन्हा निर्णायक झाले. त्याच्याही पलीकडे, नाव कोणत्या अक्षराने सुरू होतं हे. मुलाखत मनमानी आहे म्हणून काढली, हे मला पटलं. पण वर्णमालेने निवडलेली मुलगी मनमानीने निवडली गेली नाही, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

एक वही

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट. नाव सांगत नाही. त्या वर्षी आमच्याकडे बारावी कलेला असलेली एक मुलगी दिल्लीला इतिहास करायचं म्हणून हट्टाला पेटली होती. आमच्या बोर्डात कला शाखेत ८५ टक्के पडले की गावात पेढे वाटतात. जुन्या कटऑफच्या काळात तिने दिल्लीचं नावही काढलं नसतं. सीयूईटीमुळे तिला निदान अर्ज करावासा वाटला, हे या परीक्षेचं श्रेय आहे आणि ते मी कधीच कमी लेखणार नाही. इतिहासाचा पेपर मराठीतून देता येत होता, हेही.

पण पेपर एनसीईआरटीवर. आपल्या राज्याचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होतं आणि वसाहतवाद, महायुद्धं, शीतयुद्ध असं पुढे येतं. एनसीईआरटीचं बारावीचं पुस्तक सुरू होतं हडप्पापासून. हडप्पा आपल्याकडे अकरावीला. "मॅडम, हे सगळं मला अकरावीची वही काढून पुन्हा करावं लागणार," ती म्हणाली आणि खरंच काढून बसली. बोर्डाची परीक्षा संपल्यावर अडीच-तीन महिने तिने दुसऱ्याच पुस्तकातून दुसराच इतिहास केला. सीबीएसईच्या मुलाला हे करावं लागलं नाही. परीक्षा सगळ्यांना एक होती, पण सुरुवातीची रेघ एक नव्हती.

तिची सराव परीक्षेची उत्तरपत्रिका अजून माझ्याकडे आहे. प्रश्न मराठे आणि युरोपीय सत्ता यांच्यावर होता. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, इशारा दिला आहे, की हे इतर सावकारांसारखे नुसते सावकार नव्हेत, यांच्या मागे राज्य आहे. हे बहुतेक सगळ्यांनी लिहिलं होतं. हिने ते लिहून पुढे समासाला चिकटून, बारीक अक्षरात, एक ओळ जोडली होती : अमात्यांना जर हे कळलं होतं, तर मग तोफा आणि दारूगोळा त्यांच्याकडूनच का घेत राहावं लागलं? नंतरचं दीड पान तिने याच प्रश्नाशी झटापट करण्यात घालवलं होतं. उत्तर अर्धवट होतं. दोन ठिकाणी सनावळी चुकली होती. पण पंधरा-सोळा वर्षांच्या शिकवण्यात मला जिच्याबद्दल "ही इतिहास करणार" असं वाटलं, अशा तीन-चार वह्यांपैकी ती एक.

सीयूईटीत या ओळीला जागा नाही. तिथे घटना कालक्रमाने लावा, जोड्या जुळवा, विधान आणि कारण तपासा. चुकलेली सनावळी तिथे एक वजा होते आणि हा प्रश्न पडणं शून्य.

मुलाखतीने ती सापडली असती? मला नाही वाटत. ती कधी पुण्याच्या पुढे गेलेली नव्हती. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. चार-पाच मोठ्या माणसांसमोर तिने मान खाली घालून "येस सर" एवढंच म्हटलं असतं आणि १५ पैकी ६ घेऊन बाहेर आली असती. ज्यांच्या घरी जेवताना इंग्रजीतून वाद होतात, त्या मुलांचं त्या खोलीत फुलणं आणि हिचं मिटणं, यात इतिहासाचा संबंध किती?

सीयूईटीत तिला बरे गुण पडले, उत्तर परिसरातल्या कॉलेजांना पुरतील इतके नाहीत. ती पुण्यात शिकली.

मग पुरे की नाही

माझं उत्तर असं आहे. गणिताला, वाणिज्याला, बऱ्याच विज्ञान विषयांना अशी परीक्षा पुरेशी होऊ शकते, फक्त तिचा माथा उंच करा. सोडून द्यायची मुभा काढा आणि अवघड प्रश्न घाला, म्हणजे बरा आणि उत्तम वेगळे दिसतील. मुभा काढण्याचं काम पुढे झालंही. २०२५ पासून सगळे ५० प्रश्न सक्तीचे आहेत. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र यांना मात्र ती कितीही अवघड केली तरी अपुरी राहील. कारण या विषयांत येणं म्हणजे लिहिता येणं, आणि पर्यायांवर टिचकी मारताना कुणी काही लिहीत नाही.

न्यायालयापुढे वाद झाला तो परीक्षा की परीक्षा अधिक मुलाखत, असा. न्यायालयाने समोर आलेल्या दोन पर्यायांत योग्य तोच निवडला असं मला वाटतं. पण लेखी उत्तर हा तिसरा पर्याय कुणी मांडलाच नाही, ना कॉलेजने, ना विद्यापीठाने. हात दुखेपर्यंत लिहिलेली पानं हीच आपल्या मुलांची सवयीची जागा आहे. बोर्डाच्या परीक्षेत ती तेच करतात, खेड्यातली करतात आणि शहरातलीही. इंग्रजी फाडफाड बोलणं आणि कागदावर विचार करणं यांतलं दुसरं आमच्या मुलांना शिकवता येतं. मी ते रोज शिकवते.

अडचणी मला माहीत आहेत. लाखो उत्तरपत्रिका तपासणं हे डोंगराएवढं काम आहे. पण लाखो तपासायच्याच नाहीत. सीयूईटीच्या गुणांवर एका विषयाच्या एका जागेमागे चार मुलं निवडा. त्याच परीक्षा केंद्रावर, त्यांच्या भाषेत, दीड तासात एका उताऱ्यावर किंवा एका साधनावर दोन पानं लिहून घ्या. दिल्लीला बोलावू नका. नाव आणि बोर्ड झाकून, वेगवेगळ्या कॉलेजांतल्या दोन अध्यापकांकडून तपासून घ्या. दोघांच्या गुणांत जास्त तफावत आली तर तिसऱ्याकडे द्या. झेरॉक्स मागता येऊ दे, फेरतपासणी मागता येऊ दे. माझा वरचा हिशेब इथेही लागू पडेल, या दोन पानांना पंधरा गुण ठेवले तर त्यांनाही तेवढीच ताकद येईल, हे मी नाकारत नाही. फरक इतकाच की इथे कागद मागे उरतो. भगवतींनी टेपरेकॉर्डर मागितला होता तो याचसाठी.

प्रकरण पुढेही चालत राहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेने ख्रिश्चन विद्यार्थ्यांच्या जागांवरही फक्त सीयूईटी असं ठरवलं, कॉलेज पुन्हा न्यायालयात गेलं, आणि जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने त्या जागांपुरतं ८५-१५ परत चालू ठेवलं. त्यामुळे एकाच वर्गात, एकाच बाकावर, दोन वेगळ्या मापांनी निवडलेली मुलं बसतात. ती पहिल्या सहामाहीचे पेपर लिहितात तेव्हा त्यांना पर्याय दिलेले नसतात आणि मुलाखतही नसते. त्यांच्यापुढे कोरा कागद येतो, आणि पुढची तीन-चार वर्षं त्यांना त्या कागदावरच जोखलं जातं.